शिट्टी आणि चौकडी

दातांच्या डॉक्टरांनी गाडीची डिकी उघडली, आतलं जुनं ब्लँकेट बाजूला केलं, आणि बाबांनी आत डोकावून विचारलं, "बरं, इंजिन कुठाय?"

"हेच की," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. डिकीत दोन बादल्या तोंडाला तोंड लावून ठेवल्यासारखं एक प्रकरण पडलं होतं, वरून नळ्यानळ्यांनी गुंडाळलेलं.

"एवढंसं? याच्यावर आमच्या डेपोत चहासुद्धा उकळला नसता."

"बाबा, दीडशे घोडे आहेत त्यात," मागून सूनबाई म्हणाली.

"घोडे? मला तर एक शिंगरूही मावेलसं वाटत नाही. आणि चालतं कशावर?"

"रॉकेलवर."

"म्हणजे स्टोव्ह," बाबांनी निकाल दिला आणि ते शेडमध्ये निघून गेले. पण दोनच मिनिटांत परत आले, कारण ते प्रकरण डिकीतून उचलायला तिसरा माणूस लागणार होता आणि पडलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

बाबा म्हणजे तिचे सासरे. बस डेपोत तेहेतीस वर्षं त्यांनी डिझेलची इंजिनं उघडली आणि मिटवली. निवृत्त झाले त्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, ते त्यांनी आठवड्याभरात उघडून बघितलं, आणि मग घरात उघडण्यासारखं काही उरलं नाही म्हणून विमान बांधायला घेतलं. निदान आई, म्हणजे सासूबाई, सगळ्यांना असंच सांगायच्या. घरामागच्या लांबलचक शेडमध्ये गेली सहा वर्षं ते दोन माणसांचं विमान पत्र्यापत्र्याने उभं राहत होतं. आता पंख होते, शेपूट होती, चाकं होती. फक्त नाकाच्या जागी भोक होतं.

त्या भोकात काय बसणार हे बाबांच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. चार सिलिंडरचं पेट्रोलचं इंजिन. एका बंद पडलेल्या विमानाचं त्यांनी मिळवलं होतं, नटबोल्टापर्यंत सुटं करून पुन्हा जोडलं होतं, आणि शेडच्या कोपऱ्यात स्टँडवर चढवून धुतलेल्या चादरीखाली झाकून ठेवलं होतं. त्याला ते 'माझी चौकडी' म्हणत.

सूनबाई या खटाटोपात ओढली गेली ती लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून ठोकायचं, दुसऱ्याने आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. बाबांचा मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या सगळ्या पर्वतांच्या उंच्या त्याला तोंडपाठ, पण माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढला की त्याला घेरी यायची. विमान या शब्दापासूनच तो चार हात लांब राही. आईंना ठोकाठोकीने डोकेदुखी. शेवटी बाबांनी नव्या सुनेच्या हाताकडे बघितलं. हात बारीक होता, पंखाच्या फटीत कोपरापर्यंत सहज जाणारा. "अगं, जरा पाच मिनिटं इकडे येतेस का?" ती पाच मिनिटं अजून संपायची होती.

मधल्या काळात ती विमान चालवायलाही शिकली, कारण बाबांना डॉक्टरी तपासणीत हृदयाच्या ठोक्यांवरून नापास केलं होतं. "माझ्याच इंजिनाचं टायमिंग चुकलं," असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. बांधायचं त्यांनी, उडवायचं तिने, असं तेव्हाच ठरून गेलं.

पण तिचा पोटापाण्याचा धंदा वेगळा होता. ती दातांच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायची. दात कोरायचं जे यंत्र असतं ना, ज्याचा आवाज ऐकूनच खुर्चीतला माणूस हाताच्या मुठी आवळतो, त्याच्या डोक्यात मुगाच्या दाण्याएवढं एक पात्यांचं चाक असतं. त्यावर हवेचा झोत सोडला की ते मिनिटाला तीन-साडेतीन लाख फेरे घेतं. ते चाक काढायचं, खसखशीएवढ्या गोळ्यांचं बेअरिंग बदलायचं, तोल साधायचा, आणि कानाशी धरून ऐकायचं, हे तिचं काम. टर्बाइन म्हणजे तिच्या रोजच्या ओळखीचं. त्यामुळे या डॉक्टरांनी, जे तिचे जुने गिऱ्हाईक होते, एकदा बोलता बोलता सांगितलं की माझ्याकडे एक मोठं टर्बाइन पडून आहे, तेव्हा तिच्या हातातला पेचकस हातातच राहिला.

ते टर्बाइन मूळचं एका प्रवासी विमानाच्या शेपटीतलं. विमान जमिनीवर उभं असताना आत दिवे आणि हवा पुरवायचं त्याचं काम. डॉक्टरांनी पुढे गिअरपेटी बसवून ते पंखा फिरवण्याजोगं करून घेतलं होतं, पण त्यांचं स्वतःचं विमान पाठदुखीमुळे पंखांपर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं. "महिनाभर चालवून बघा," ते म्हणाले होते. "जमलं तर ठेवून घ्या. तासाला चाळीस लिटरच्या आत पितं. माझ्याकडे पडून त्याला गंज चढण्यापेक्षा बरं."

तिने पुढचे चार दिवस बाबांच्या मागे भुणभुण लावली. वजन निम्मं. धडधड नाही. विमानाचं खास पेट्रोल शोधत फिरायला नको. बाबा नुसते हुंकार भरत रिव्हेट मारत राहिले. शेवटी म्हणाले, "आण बाई. बघू तुझा स्टोव्ह."

शेडमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी लोखंडी चौकट जमिनीत पक्की गाडली, तिच्यावर इंजिन बसवलं, पुढे पंखा लावला आणि पंख्याभोवती जाळी. दहा पावलांवर एका फळीवर बटणं आणि दोन काटे, एक फेऱ्यांचा, एक तापाचा. सकाळी नऊ वाजता बाबा आग विझवायची नळकांडी घेऊन एका बाजूला उभे राहिले. आईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि काचेतून बघत राहिल्या. नवरा शाळेत गेला होता. जाताना तो बायकोला फक्त एवढंच म्हणाला होता, "वर काही उडालं तर मला सांगू नकोस."

तिने बटण दाबलं. आतून बारीक सूर निघाला आणि चढत गेला. पूर्ण वेगाच्या दहाव्या हिश्शाएवढे फेरे झाल्यावर तिने इंधन सोडलं. धप्प असा आवाज झाला, आत आग पेटली, आणि तापाचा काटा सरसर वर निघाला. फेऱ्यांचा काटा मात्र होता तिथेच रेंगाळला. तिने क्षणभरही वाट न बघता इंधन तोडलं, पण स्टार्टर तसाच फिरत ठेवला. काटा लाल पट्टीच्या कडेला टेकून हळूहळू खाली आला.

"बंद का केलंस?" बाबा ओरडले. "पेटलं होतं की!"

"पेटलं होतं, पण फिरत नव्हतं, बाबा. बॅटरी कमी पडली. हवा पुरेशी आत जात नाही आणि आग तेवढीच. अजून दोन सेकंद थांबले असते तर आतली पाती वितळली असती."

"दोन सेकंदांत?"

"दोन सेकंदांत."

बाबांनी नळकांडी खाली ठेवली आणि डोकं खाजवलं. "आमचं डिझेल बरं. त्याला लाथ घाला, शिव्या घाला, पाणी घाला, ते आपलं कुरकुरत का होईना चालतं. हे फारच मानी दिसतंय." मग तिच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत म्हणाले, "पण तुझा हात चपळ आहे हं. मी असतो तर दोन सेकंद नुसता बघतच राहिलो असतो."

दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता सकाळीच डेपोत गेले आणि जुन्या सोबत्यांकडून बसच्या दोन दांडग्या बॅटऱ्या घेऊन आले. या वेळी सूर चढला, धप्प झालं, तापाचा काटा वर गेला, थबकला, खाली उतरला, आणि फेऱ्यांचा काटा एका दमात जागेवर जाऊन बसला. पंखा दिसेनासा झाला. सगळ्या आवारात एक लांब, सरळ शिट्टी भरून राहिली.

बाबा कानांवरची टोपणं घट्ट करत चौकटीजवळ गेले. तिने हाताने खुणा केल्या, मागे व्हा म्हणून, पण ते पंख्यापासून लांब, बाजूने जाऊन उभे राहिले होते. त्यांनी चौकटीच्या लोखंडावर तळहात टेकवला. मग हात काढला, पँटला पुसला, परत टेकवला. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून त्या लोखंडी पट्टीवर ठेवला आणि वाकून बघत बसले. चष्मा ठेवला तिथून केसभरही सरकला नाही.

इंजिन बंद झाल्यावर त्यांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. मग आपले दोन्ही पंजे तिच्यासमोर धरून म्हणाले, "तेहेतीस वर्षं हे हात धडधडत होते. रात्री झोपेतसुद्धा थरथरायचे. विचार तुझ्या सासूला. मला वाटायचं, इंजिन म्हटलं की हे आलंच."

त्या दिवसापासून टर्बाइनचं नाव शिट्टी पडलं आणि बाबा बदलले. एका दुपारी तर ते तिच्या दुकानात येऊन धडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिने दात कोरायच्या यंत्रातलं चाक भिंगाखाली धरून दाखवलं. ते एक डोळा मिटून बघत राहिले, पाती मोजायला लागले, आठवर गेल्यावर घोटाळा झाला, परत पहिल्यापासून मोजली.

"हे तू रोज करतेस?"

"रोज पाच-सहा."

"मला वाटायचं तू दातांचं काहीतरी करतेस," बाबा म्हणाले. आणि वर, "मी लोकांना तसंच सांगत आलो. आता नीट सांगीन."

ती त्या दिवशी दुकान बंद करून घरी गेली ती गाणं गुणगुणतच.

पुढच्या आठवड्यात मोजमापं सुरू झाली आणि तिथेच माशी शिंकली. तिने वीस लिटरचा कॅन जोडून, विमान आडव्या चालीने उडताना लागेल तेवढा जोर ठेवून इंजिन चालवलं आणि घड्याळ लावलं. कॅन वीस मिनिटांत रिकामा झाला. तिला वाटलं, कुठेतरी गळत असेल. नळ्या तपासल्या, पुन्हा चालवलं. एकवीस मिनिटं. नुसतं हळू चालत ठेवलं तरी त्याचं पिणं फारसं कमी होईना. म्हणजे तासाला साठ लिटर. डॉक्टरांनी ऐकीव आकडा सांगितला होता आणि तिला तो खरा मानायचा होता, म्हणून तिने तो मानला होता.

पंखांच्या पोटात टाक्या होत्या शंभर लिटरच्या. अडीअडचणीला अर्ध्या तासाचं इंधन बाजूला ठेवायचं म्हटलं तर उडायला उरला जेमतेम सव्वा तास. चौकडी त्याच टाकीवर साडेतीन तास उडाली असती. टाक्या वाढवायच्या म्हणजे पंख फोडायचे, आणि त्या पंखांत कोपरापर्यंत हात घालून एकेक शिवण लेप लावून बुजवताना तिच्या अंगाला महिनाभर वास येत होता. शिवाय शिट्टी हलकी, म्हणून तोल साधायला नाक वीतभर लांब करावं लागणार होतं. आणि टर्बाइनला खरी मजा येते ती खूप वर, थंड विरळ हवेत. हे विमान टेकड्यांच्या माथ्यावरून उडणार. तिथे शिट्टी आपली नुसतीच पीत राहणार.

दुसऱ्या कुणाचं विमान असतं तर तिने तोंडावर सांगितलं असतं. पण बाबांनी आता चौकडीचा स्टँड भिंतीकडे सरकवला होता, शिट्टीसाठी नाकाची नवी चौकट कागदावर काढायला घेतली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "चष्मा हलला नाही हो" हे सांगत होते. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तीन दिवस तो बाहेर काढला नाही. चौथ्या दिवशी भांडी विसळता विसळता तिने आईंना सांगितलं. "पण त्यांना नका सांगू. फार आशेवर आहेत. मीच सांगते, जरा वेळ बघून."

आईंनी "बरं" म्हटलं आणि ताट पुसलं.

रविवारी सगळे जेवायला बसले होते. बाबा नाकाच्या चौकटीबद्दल बोलत होते, पण नेहमीच्या जोराने नाही. ती मान खाली घालून "हो, हो" म्हणत होती. आईंनी भाजीचं पातेलं खाली ठेवलं.

"आता पुरे झालं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी हे येऊन मला सांगतात, ते इंजिन साठ लिटर पितं, पण पोरीला कळू देऊ नकोस, किती खुशीत आहे ती. शुक्रवारी ही येऊन सांगते, ते इंजिन साठ लिटर पितं, पण बाबांना सांगू नका. आणि रॉकेलचे कॅन स्कूटरवरून वाहून आणते कोण? मी! मला तर पहिल्या दिवशीच कळलं होतं."

नवऱ्याने घास तोंडापाशी नेऊन थांबवला होता.

सूनबाईने बाबांकडे बघितलं. "तुम्ही मोजलंत?"

"तू दुकानात असताना," बाबा खाली बघत म्हणाले. "तीनदा मोजलं. माझंच घड्याळ चुकतंय म्हणून तुझ्या नवऱ्याचंही घड्याळ लावून बघितलं. आणि तू?"

"दोनदा. गळतंय वाटलं मला."

"मलाही गळतंयच वाटलं!" बाबा म्हणाले, आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं. मग तिलाही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस उरावर बसलेलं ओझं असं भाजीच्या पातेल्याशेजारी उतरेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मग ती नाकाची चौकट का काढत होतात?"

"तू विचारलंस तर दाखवायला काहीतरी हवं ना."

नवऱ्याने घास खाल्ला आणि विचारलं, "सव्वा तासात कुठपर्यंत जाता येतं?"

"जाऊन परत यायचं तर कुठेच नाही," ती म्हणाली.

"माझ्या बहिणीच्या गावाला?" आईंनी विचारलं. बहीण टेकड्यांपलीकडे राहायची. रस्त्याने अख्खा दिवस मोडायचा.

"वाऱ्यावर अवलंबून, पण दोन तास धरा."

"मग एवढा विचार कसला करताय दोघं? मला काय निम्म्या वाटेत उतरवणार आहात?"

झालं, ठरलं. बाबांनी ताटावरून उठून हात धुतले आणि तडक शेडमध्ये गेले. ती मागोमाग गेली तर ते चौकडीवरची चादर काढून घडी घालत होते. "शिट्टीत खोट नाही हं," ते म्हणाले. "मोठं विमान असतं, लांबचा पल्ला असता, उंच जायचं असतं, तर मी हीच बसवली असती. चौकडीकडे ढुंकून बघितलं नसतं."

"मीही," ती म्हणाली. आणि ते दोघांचंही खरं होतं.

शिट्टी पुसूनबिसून डॉक्टरांकडे परत गेली. तिच्याबरोबर सूनबाईने मोजमापांची वही दिली, आणि साठ हा आकडा लाल शाईने. डॉक्टर ओशाळले. मग त्यांनीच बाबांना विचारलं की मला ती सुरू करायला शिकवाल का, मला एकट्याला धीर होत नाही. तेव्हापासून दर गुरुवारी बाबा बसच्या बॅटऱ्या घेऊन त्यांच्याकडे जातात. दोघं अर्धा तास शिट्टी वाजवतात आणि दीड तास तिच्याबद्दल बोलतात.

चौकडी दोन महिन्यांत नाकात बसली. तपासनीस आला, दिवसभर टॉर्च घेऊन सांदीकोपरे बघत फिरला, आणि जाताना पंखाच्या शिवणींवरून बोट फिरवून म्हणाला, "हे कुणी केलं?" बाबांनी सुनेकडे बोट दाखवलं. सुरुवातीचे ठरलेले तास तिला एकटीनेच उडवावे लागले. पहिल्या दिवशी धावपट्टीच्या कडेला बाबा पाठ करून उभे होते, बघवत नव्हतं म्हणून. पण कान तिकडेच होते. ती उतरल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "तिसरा सिलिंडर जरा गरम होतोय, नाही?" तो खरंच होत होता. दोघांनी मिळून हवा आत वळवणारा पत्रा वाकवून ते ठीक केलं.

आईंची पाळी पुढच्या महिन्यात लागणार होती. त्याआधी, एका निवांत सकाळी, बाबा शेजारच्या जागेवर बसले. पट्टा बांधला, परत सोडून परत बांधला. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला. टेकडीच्या उंचीला आल्यावर त्यांनी समोरच्या पत्र्यावर हात ठेवला. पत्रा थरथरत होता.

"आहेत, चौघंही आहेत जागेवर," ते म्हणाले.

"बाबा, दांडा धरा."

"मला नापास केलंय."

"मी आहे ना शेजारी. नुसता धरा."

त्यांनी दांडा धरला, दोन बोटांनी, चिमणीचं पिल्लू धरावं तसा. विमान सरळ चाललं होतं. मग त्यांनी अगदी किंचित उजवीकडे कलवलं, आणि अख्खी जमीन त्यांच्या बाजूने हळूच वर आली. बाबांनी मोठ्ठा श्वास घेतला आणि सोडला. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं, हे आता तिला कळायला लागलं होतं.

"ते बघा, आपलं घर," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"छे. ते आपलं नव्हे. आपलं एवढं लहान नाही."

"शेड बघा मागची. पत्र्याची, लांबडी."

बाबांनी नाक काचेला लावलं. चाळीस वर्षं त्या घरात राहिलेला माणूस त्याला ओळखायला चांगली दोन मिनिटं घेत होता. "अरेच्चा," ते म्हणाले, "ती दोरीवर वाळत घातलेली माझीच पँट आहे की."

उतरल्यावर घरी आले तेव्हा आई अंगण झाडत होत्या. बाबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, केस विस्कटलेले, चेहरा लाल.

"आपलं घर वरून केवढंसं दिसतं, ठाऊक आहे?"

"असेल," आई म्हणाल्या. "झाडून बघा एकदा." आणि त्यांनी केरसुणी बाबांच्या हातात दिली. बाबांनीही ती घेतली, आणि झाडता झाडता सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.